साडेऐंशी किलोची काडी

१

गुरुवारी सकाळी पावणेदहाला मॅनेजरने बेरीजताईच्या टेबलावर एक पिवळा लिफाफा टाकला आणि उभाच राहिला. तो बसला नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तिला अकरा वर्षांत कळायला लागलं होतं.

लिफाफ्यात गुडघ्याच्या स्कॅनचा रिपोर्ट होता. उजव्या गुडघ्यातली गादी फाटलेली. ऑपरेशन लागणार. निदान बारा आठवडे खेळ बंद. वर नाव काडीचं, खाली तारीख परवाच्या मंगळवारची.

"आता जरा खिडकीतून बघा," मॅनेजर म्हणाला.

खाली मैदानावर काडी पळत होता. डाव्या बाजूचा बचावपटू, चोवीस वर्षांचा, याच सीझनला आलेला. जोराचा वारा आला तर कोपऱ्यातल्या झेंड्याआधी हाच वाकेल, अशी टीमची त्याच्यावरून चेष्टा चालायची. तो पळत आला, गर्रकन वळला, उडी मारून डोक्याने चेंडू काढला आणि पुन्हा पळाला. गुडघा फाटलेला माणूस असलं काही करत नाही.

मॅनेजरला जे म्हणायचं होतं ते तिला न बोलताच कळलं. पण तुम्हाला कळायला थोडं सांगावं लागेल.

या लीगमध्ये सगळ्या खेळाडूंच्या पगाराची बेरीज एका आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही, असा नियम आहे. त्याला म्हणतात कॅप. बेरीजताईचं काम म्हणजे ती बेरीज आकड्याच्या खाली ठेवणं. तिच्या सासूबाईंना अजूनही वाटायचं की सून टोप्यांच्या धंद्यात आहे. तर मागच्या शुक्रवारी मालकांनी एक महागडा स्ट्रायकर आणला आणि बेरीज कॅपच्या वर गेली. दोन छोटे पगार कमी करायलाच हवे होते. नावं ठरली होती, दुसऱ्या नंबरचा गोलकीपर आणि काडी. आज संध्याकाळी पाचला पक्की यादी लीगला जाणार होती.

फक्त एक आहे. जखमी खेळाडूला काढता येत नाही. तोही नियमच.

"नोकरी वाचवायला खोटा रिपोर्ट आणलाय त्याने," मॅनेजर म्हणाला. यादीसोबत लीगला पत्र जाईल, दोन वर्षांची बंदी लागेल, क्लबचं नाव स्वच्छ राहील, असं त्याने हिशोबासारखं सांगितलं. यादीवर सही बेरीजताईची असते. यादी खोटी निघाली तर तिचा परवाना जातो आणि क्लबचे पॉइंट जातात, हे त्याला सांगावं लागलं नाही.

तिने चार वाजेपर्यंतचा वेळ मागितला.

"चार म्हणजे चार," म्हणून तो गेला.

ती रिपोर्ट पुन्हा वाचायला लागली. काहीतरी खटकत होतं. खोटा रिपोर्ट करणारा माणूस तो क्लबला पाठवून, दोनच दिवसांत सगळ्यांसमोर उड्या कशाला मारेल?

२

काडी वर आला तो घामाने निथळत. खुर्चीला घाम लागेल म्हणून बसेना. शेवटी तिने रद्दी पसरली तेव्हा टेकला.

तिने सरळ विचारलं, मंगळवारी स्कॅनला गेला होतास का. तो नाही म्हणाला, लगेच, आणि खरं बोलतोय हे दिसत होतं. नव्या खेळाडूंचं सीझनच्या मध्ये एकदा स्कॅन होतं. त्यासाठी क्लबची चिठ्ठी मिळते, ती सेंटरवर दाखवायची. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे ते सेंटर, आणि तिथल्या माणसांना फुटबॉलचं काही घेणंदेणं नाही. चिठ्ठी असेल त्याला आत घेतात.

"मग तुझी चिठ्ठी कुठेय?"

इथे काडी अडखळला. आत्तापर्यंत तिच्या डोळ्यांत बघत होता, तो आता टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बघायला लागला.

"हरवली, मॅडम."

तिने त्याला रिपोर्ट दाखवला. मॅनेजरला काय वाटतंय, पाचला काय होणार आहे, सगळं सांगितलं. दोन वर्षं म्हटल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरी बायको, दहा महिन्यांची मुलगी, आणि तिला आत्ताच पहिले दात येतायत, असं तो का कोण जाणे मध्येच सांगून गेला. मग त्याने रिपोर्ट हातात घेतला, शांतपणे वाचला. "उजवा गुडघा," असं पुटपुटला. आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. भीती होतीच, पण तिच्यामागे दुसरं काहीतरी येऊन उभं राहिलं.

"कोणाला दिलीस चिठ्ठी?"

"हरवली म्हटलं ना."

"अरे, तुझी दोन वर्षं जातील."

त्याने रिपोर्टची नीट घडी घातली, तिच्यासमोर ठेवली, आणि उठून उभा राहिला. "मला काढणारच होते ना आज," तो म्हणाला. "मग काय फरक पडतो."

तो गेल्यावर बेरीजताईने ती ओली रद्दी गोळा केली. तो फरक पडत नाही म्हणाला, पण मुलीच्या दातांचं सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं. हा माणूस कोणाला तरी वाचवत होता. आणि कोणाला, हे त्याला रिपोर्ट वाचतानाच कळलं होतं.

३

फिजिओ स्वभावाने मऊ. दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकावर त्याचा विश्वास. मॅनेजरला त्याचाही संशय होता, की यानेच काडीला मदत केली.

फिजिओने रिपोर्ट खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाला, यात खोटं काही नाही. फोटो खरा, शिक्का खरा, सही त्याच्या ओळखीच्या डॉक्टरची. हा गुडघा कोणाचा तरी आहे आणि त्या माणसाला दुखतंय. फक्त तो काडी नाही.

असा गुडघा घेऊन कोणी खेळू शकेल का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, सरळ रेषेत पळेल की. पट्टी आवळली, दात आवळले, तर नव्वद मिनिटंही काढेल. झटकन वळता येणार नाही. आणि जिना चढताना नानी आठवेल.

"तुमच्याकडे आलं का कोणी?"

"आलं असतं तर मला त्याच दिवशी वर लिहून द्यावं लागलं असतं," तो म्हणाला. "म्हणूनच आलं नसेल."

खोलीत परत आल्यावर तिने कप्तानाला फोन लावला. यादीवर कप्तानाचीही सही लागते, ही जुनी रीत. तेरा वर्षं तो याच क्लबात खेळत होता आणि सहीच्या दिवशी स्वतःहून वर यायचा, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत. डब्यातलं एकच बिस्किट घ्यायचा, दुसरं दिलं तर हात जोडायचा. "कलम आहे, ताई." त्याच्या करारात वजनाचं कलम होतं. एक्क्याऐंशी किलोच्या वर गेला की दंड.

आज मात्र तो म्हणाला, बूट साफ करत बसलोय, कागद खालीच आणा ना.

बरं म्हणून तिने फोन ठेवला. तेवढ्यात घरून सासूबाईंचा फोन. त्यांना गेल्या वर्षीच्या स्कॅनची फाइल सापडत नव्हती. कपाटात वरच्या खणात आहे, तिने सांगितलं. सासूबाईंना ती फाइल नको होती, त्यांना फक्त पुन्हा तक्रार करायची होती. त्या स्कॅनवाल्यांनी त्यांचं वजन दोन किलो जास्त लिहिलं होतं. मी सांगत होते तर ऐकेनात, त्या म्हणाल्या, काट्यावर उभं केलंच. मशीनमध्ये घ्यायच्या आधी प्रत्येकाला करतात म्हणे.

बेरीजताईने फोन कानाला तसाच ठेवून दुसऱ्या हाताने रिपोर्टची मागची बाजू उलटली. अगदी खाली, कोणी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत, एक ओळ होती.

वजन साडेऐंशी.

४

दर सोमवारी सकाळी सगळ्या खेळाडूंचं वजन होतं आणि वही बेरीजताईकडे असते. ज्यांच्या करारात कलम आहे त्यांच्यासाठी सुरू झालं, मग कोणाला वाईट वाटायला नको म्हणून सगळ्यांचंच. वहीत काडी होता त्रेसष्ट. एका दिवसात साडेसतरा किलो वाढायला त्याला अख्खी टीम खावी लागली असती.

तिने बोट खाली सरकवत नेलं. ऐंशीच्या आसपास तिघं होते. नवा स्ट्रायकर एक्क्याऐंशी. दुसरा गोलकीपर सव्वाऐंशी. कप्तान साडेऐंशी.

कप्तानाचा आकडा जुळत होता, पण तेवढ्यावर जाणं बरोबर नाही, हे तिला माहीत होतं. सोमवार ते मंगळवार, कपडे, पोटातलं जेवण, एवढ्यात अर्धा किलो इकडेतिकडे होतो. वजनाने तिघं दिले. एक कोण, ते वजन सांगणार नव्हतं.

मग तिने वही बाजूला सारली आणि तिघांचे करार काढले. सगळ्यांचे करार जिथे एकत्र असतात ती क्लबातली एकच खोली तिची, आणि ते सगळे वाचणारी ती एकटीच. मॅनेजर फक्त शेवटचा आकडा बघायचा.

तिने स्वतःला एकच प्रश्न विचारला. आपण जखमी आहोत हे कोण लपवेल?

गोलकीपर? त्याला आज काढणार होते आणि ते त्याला परवाच कळलं होतं. फाटलेला गुडघा म्हणजे त्याची नोकरी. खरंच गुडघा गेला असता तर त्याने रिपोर्ट फ्रेम करून दारावर लावला असता.

स्ट्रायकर? त्याचा करार चार वर्षांचा, खेळो न खेळो, पगार पक्का. लपवून त्याला काय मिळणार? वर मंगळवारी तो दिवसभर मालकांसोबत फोटो काढून घेत होता. ते फोटो अख्ख्या शहराने पाहिले.

राहिला कप्तान.

तिने त्याचा करार उघडला आणि सातव्या पानावर थांबली. ते कलम तिनेच टाइप केलं होतं, तीन वर्षांपूर्वी. या सीझनमध्ये वीस मॅच सुरुवातीपासून खेळला, तर पुढच्या वर्षीचा करार आपोआप, त्याच पगारावर. नाही तर सीझन संपला की संपलं.

अठरा झाल्या होत्या. सीझनच्या चार उरल्या होत्या. त्याला दोन हव्या होत्या.

आणि याच्यापुढचं जे होतं ते तिला पेनही न उचलता दिसलं. दहा आठवड्यांच्या वर जखमी असलेला खेळाडू बाजूच्या यादीत जातो. पगार मिळत राहतो, पण तो कॅपमध्ये धरत नाहीत. मात्र त्या सीझनला तो परत मैदानावर येऊ शकत नाही. कप्तानाचा पगार म्हणजे पाच काड्या. तो बाजूच्या यादीत गेला तर काडी राहतो, गोलकीपर राहतो, वर जागाही उरते.

जागा झाली, असं तिच्या मनात आलं. आणि मग ती दचकली. अकरा वर्षं ओळखीच्या माणसाचा गुडघा गेलाय हे समजल्यावर तिच्या डोक्यात सगळ्यात आधी आलं ते हे.

म्हणूनच तर तो कोणाकडे गेला नाही. या इमारतीत त्याच्या दुखण्याचं वाईट वाटायच्या आधी सगळ्यांना बरंच वाटलं असतं.

घड्याळात सव्वातीन झाले होते. तिने रिपोर्ट, वही आणि यादी उचलली आणि जिना उतरली.

५

बुटांच्या खोलीत कातड्याचा आणि ओल्या गवताचा वास असतो. कप्तान बाकावर बसला होता, उजवा पाय समोरच्या खोक्यावर लांब करून. त्याच्या हातातला बूट केव्हाच चकाचक झाला होता, तरी तो घासत होता.

तिने बाकावर रिपोर्ट ठेवला, शेजारी वजनाची वही उघडी ठेवली. त्याने दोन्ही आकडे पाहिले.

"हा कागद इथे कसा आला?" त्याने विचारलं. "मी माझा घेऊन आलो होतो."

"बिलासोबत एक प्रत क्लबला येते."

कप्तान हसला, स्वतःवरच. तेरा वर्षांत त्याने कधी बिल पाहिलंच नव्हतं. हॉटेलचं नाही, डॉक्टरचं नाही, विमानाचं नाही. खेळाडूच्या हातात बिल येतच नाही. ते कुठेतरी वर जातं एवढंच त्याला माहीत, आणि वर म्हणजे बेरीजताईचं टेबल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. मागच्या शनिवारी दुसऱ्या हाफमध्ये काहीतरी कट् झालं. फक्त किती फाटलंय ते कळावं म्हणून काडीची चिठ्ठी मागून घेतली. तू पुढच्या आठवड्यात जा, मी बघतो म्हणालो. त्याने का ते विचारलं नाही. तो पोरगा मला कधीच काही विचारत नाही.

"दोन मॅच, ताई," तो म्हणाला. "फक्त दोन. रांगत खेळलो असतो. चौतीस वर्षांचा आहे मी, मला दुसरं काही येत नाही."

तिने त्याला बोलू दिलं. मग सांगितलं की मॅनेजर पाच वाजता काडीविरुद्ध पत्र पाठवतोय. खोटी दुखापत, दोन वर्षं बंदी.

कप्तानाच्या हातातला ब्रश थांबला. हे त्याला खरंच माहीत नव्हतं. काडी आज यादीतून जाणार, हेसुद्धा.

"त्याने माझं नाव नाही सांगितलं?"

"चिठ्ठी हरवली म्हणाला. दोनदा."

"गाढव आहे," कप्तान म्हणाला. तो पुन्हा तोच चकाचक बूट घासायला लागला. बाहेर कोणीतरी चेंडूत हवा भरत होतं, त्याचा फस्-फस् आवाज येत होता.

"तुमची बेरीज काय म्हणते?" शेवटी त्याने विचारलं.

तिने सांगितलं. काही सोडलं नाही आणि गोडही केलं नाही. पाचच्या आत खरं बाहेर आलं तर यादी खरी जाते, परक्या चिठ्ठीवर स्कॅन केलं म्हणून त्याला दंड होईल, तेवढंच. पाचनंतर ती फसवणूक. काडी आणि गोलकीपर दोघं राहतात. त्याला सीझन संपेपर्यंत पगार.

"आणि मग?"

"मग काही नाही लिहिलेलं."

वही मिटत ती म्हणाली, की क्लबात जो शिकवतो त्याचा पगार कॅपमध्ये धरत नाहीत, मालकांना विचारून बघता येईल. ते देतील असं मी म्हणत नाहीये. विचारीन, एवढंच.

कप्तानाने हात पुढे केला. तिला वाटलं रिपोर्ट मागतोय. त्याला यादी हवी होती.

"इथे नको," तो म्हणाला. "वर येऊनच करतो. रीत आहे ना."

६

पावणेचारला बेरीजताई मॅनेजरच्या दारात उभी होती. तिने क्रमाने सांगितलं, वजन, तिघं, करार, चिठ्ठी. मॅनेजर ऐकत होता. कप्तानाचं नाव आल्यावर त्याची नजर क्षणभर वर छताकडे गेली, ओठ हलले, आणि चेहरा उजळला. मग त्याला आठवलं की समोर कोणीतरी उभं आहे, आणि त्याने घाईघाईने तो चेहरा आवरला.

"अरेरे," तो म्हणाला. "फार वाईट झालं."

तिने त्याला दोष दिला नाही. त्याला दोष द्यायचा तर आधी स्वतःला द्यावा लागला असता. तिने फक्त काडीविरुद्धचं पत्र मागितलं. ते घेऊन तिने त्याच्यासमोरच फाडलं, चार तुकडे, मग आठ.

ती तिच्या खोलीत आली तेव्हा जिन्यावर पावलं वाजत होती. सतरा पायऱ्यांचा जिना आहे तो. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी, थांबणं. कप्तान कठड्याला धरून येत होता, आणि त्याच्या मागे बरोबर एक पायरी खाली काडी होता. दोन्ही हात थोडे पुढे काढलेले, न टेकवता, असे. साडेऐंशी किलो मागे कलंडले असते तर त्या त्रेसष्ट किलोंचं काय झालं असतं, देव जाणे. पण तो हात काढून चालत होता.

दोघं आत आले. एकमेकांशी काय बोलले होते कोणास ठाऊक. काडीचे डोळे लाल होते, कप्तानाचे नव्हते.

कप्तान खुर्चीत बसला. यादीत वरून तिसरं त्याचं नाव होतं, तिथे त्याने स्वतःच्या हाताने रेघ मारली. खाली बाजूच्या यादीच्या रकान्यात सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात ते पुन्हा लिहिलं. मग सही केली. काडीचं आणि गोलकीपरचं नाव होतं तिथेच राहिलं.

चार वाजून बावीस मिनिटांनी यादी गेली.

बेरीजताईने बिस्किटांचा डबा पुढे केला. कप्तानाने एक घेतलं, आणि सवयीने झाकण लावायला गेला. झाकण हातातच राहिलं. तो त्या झाकणाकडे बघत होता आणि तिला दिसत होतं की त्याला ते आत्ता, या क्षणी कळतंय.

"सोमवारी वजनाला यायचं का मी?" त्याने विचारलं.

"आता गरज नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. डब्यात परत हात घातला, दुसरं बिस्किट काढलं. ते तोंडाजवळ नेलं, थांबला, आणि काडीच्या हातावर ठेवलं.

"खा," तो म्हणाला. "शनिवारी माझ्या वाटचंपण तुलाच पळायचंय. त्रेसष्ट म्हणजे काय वजन आहे का, दादा म्हणतोस ना मला, मग खा."

काडीने खाल्लं. कप्तानाने तिसरं काढलं, आणि ते मात्र स्वतः खाल्लं.